मासळीबाजारापासून वंशवृक्षापर्यंत: सजीवांचे नाते कसे शोधावे

म्हापशाच्या बाजारात बांगड्यांच्या टोपलीशेजारी फळीवर एखादी लहानशी मोरी, म्हणजे शार्क मासा, मांडलेली असते. बांगड्याच्या कल्ल्यावरचे झाकण उचलून आतला लालपणा पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारावे की या बांगड्याचे जवळचे नाते कोणाशी, शेजारच्या मोरीशी की तुमच्याशी. बोट बहुधा मोरीकडेच जाईल. खरे उत्तर याच्या उलट आहे. बांगडा आणि माणूस यांचा सामायिक पूर्वज हा बांगडा आणि मोरी यांच्या सामायिक पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे, आणि नात्याची जवळीक मोजण्याचे दुसरे कोणतेही माप जीवशास्त्रात टिकत नाही. हे विधान कोणी सांगितले म्हणून मान्य करण्याची गरज नाही. वही, पेन्सिल, खोडरबर आणि बाजाराची एक फेरी एवढ्या सामग्रीवर ते ज्याचे त्याला पडताळून पाहता येते. पडताळणीची ती रीत येथे क्रमाने दिली आहे. उच्च माध्यमिक वर्गातल्या मुलांकडून मी ती अनेकदा करून घेतली आहे, म्हणून जेथे हात अडखळतो त्या जागी मी अधिक वेळ थांबणार आहे.

नाते म्हणजे काय, हे आधी ठरवावे

गोव्यातल्या वाचकाला यासाठी लांब जावे लागत नाही. गावकारीतले, म्हणजे गावाच्या सामाईक जमीनसंस्थेतले, गावकर वांगडांत विभागलेले असतात, आणि एक वांगड म्हणजे गाव वसवणाऱ्या एका मूळ पुरुषाचे वंशज. दोन माणसे चेहऱ्याने सारखी आहेत, एकच धंदा करतात किंवा एकाच वाड्यावर राहतात म्हणून ती एका वांगडाची ठरत नाहीत; आणि एखाद्याचे आजोबा मुंबईला गेले, त्याची बोली बदलली, म्हणून तो वांगडाबाहेरही जात नाही. सजीवांच्या बाबतीत हाच नियम लावायचा आहे. एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज मिळून जो गट होतो त्याला एकवंशी गट म्हणावे. अभ्यासक त्याला क्लेड म्हणतात. वांगडाची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, तेही ध्यानात ठेवावे. वांगडाची परंपरा पुरुषांच्या बाजूने चालते, लेकींचे वंशज तिच्यात धरले जात नाहीत. एकवंशी गटातून मात्र कोणालाही वगळता येत नाही, आणि आपले रोजचे शब्द नेमके याच जागी चुकतात.

कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या प्राणिवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवले. त्या वेळी उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडला गेलेला नव्हता. जाती, प्रजाती, गण, वर्ग अशी एकात एक बसणारी डब्यांची उतरंड लिनियसने रचली होती, पण डबे एकात एक का बसतात याचे कारण त्याच्याकडे नव्हते. ते कारण चार्ल्स डार्विनने १८५९ साली दिले: डबे एकात एक बसतात कारण फांद्या एकमेकींतून फुटत गेल्या. डार्विनच्या त्या ग्रंथात एकच आकृती आहे, आणि ती फांद्या फुटण्याचीच आहे. तरीही कोणते साम्य नात्याचा पुरावा मानावे आणि कोणते मानू नये याचा काटेकोर नियम हाती यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने तो १९५० साली मांडला. पुढची सारी रीत त्या नियमावर उभी आहे.

कोणाकोणाला घ्यावे

पहिल्या खेपेला सहाच जीव घ्यावेत: मोरी, बांगडा, बेडूक, मगर, कोंबडी आणि डॉल्फिन. मोरी, बांगडा आणि कोंबडी बाजारात मिळतात व हातात घेऊन पाहता येतात. कुंभारजुव्याच्या खाडीतली मगर होडीतून लांबूनच पाहायची असते. डॉल्फिन किनाऱ्यावरून किंवा होडीतून दिसतो, त्याच्या हाडांसाठी चित्रावर विसंबावे. बेडूक पकडून आणण्याचा मोह कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेडूक पकडणे गुन्हा आहे, आणि पहिल्या पावसात ओरडणारा बेडूक शेतात बसलेला पाहिला तरी आपले काम भागते. गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, सुका बांगडा आणि सुकी सुंगटे (कोळंबी) काढावीत, कारण सांगाडा व बाहेरचे कवच पाहण्यासाठी ती ताज्या मासळीहून सोयीची पडतात.

सातवा जीव सुंगट, पण तो सहांच्या पंगतीत बसवायचा नाही. त्याचे काम वेगळे आहे. सहाही जीवांना पाठीचा कणा आहे आणि सुंगटाला नाही, म्हणजे सुंगट या सहांच्या गटाबाहेरचा आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. अशा जीवाला बाह्यगट म्हणतात. एखादा गुण जुना की नवा हे ठरवताना पहिला प्रश्न त्याला विचारायचा: तुझ्याकडे हा गुण आहे का? त्याच्याकडे असेल तर तो गुण बहुधा जुना, सहांच्या पूर्वजाच्याही आधीचा. त्याच्याकडे नसेल आणि सहांपैकी काहींकडेच असेल, तर तो गुण सहांच्या वंशात पुढे केव्हातरी उपजला असावा. बाह्यगट न घेता काढलेले झाड दिशाहीन असते: फांद्या दिसतात, मूळ कोणीकडे ते कळत नाही.

गुणांचा तक्ता

वहीच्या पानावर उभ्या ओळीत जीवांची आणि आडव्या ओळीत गुणांची नावे लिहावीत. प्रत्येक चौकटीत गुण असेल तर १, नसेल तर ० लिहावे. काम सोपे दिसते, पण सारी कसोटी गुण निवडण्यात आहे, आणि हात घाईने चालतो तो येथेच.

बाजारातून सुरुवात करावी. मोरीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले तर कातडी पॉलिश कागदासारखी खरखरते. तिच्यावर दातांच्याच घडणीचे बारीक काटे असतात. कल्ल्यांवर झाकण नसते, उघड्या फटी दिसतात. विळीवर मोरी चिरताना कणाही सहज कापला जातो, कारण तिचा सांगाडा कूर्चेचा आहे. बांगड्याचा काटा मात्र खरा अस्थींचा. येथे पहिला गुण मिळाला: अस्थींचा सांगाडा. मोरीला ०, उरलेल्या पाचांना १.

दुसरा गुण कोंबडीच्या पंखात सापडतो. शिजवलेल्या पंखाचे मांस काढून हाडे ओळीने मांडावीत. खांद्याकडून आधी एक हाड, मग शेजारी शेजारी दोन, मग मनगटाची लहान हाडे आणि टोकाला एकमेकांत जुळून गेलेली बोटे. आता स्वतःचा हात चाचपून पाहावा: एक, दोन, मग अनेक. बेडकाच्या पुढच्या पायात, मगरीच्या पायात आणि डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या अवयवातही हाच क्रम आहे. डॉल्फिनची हाडे आखूड व चपटी झाली, पण क्रम मोडला नाही. वल्हे, पंख आणि हात यांची कामे इतकी वेगळी आहेत की एका कामासाठी एकच रचना लागते असे येथे म्हणता येत नाही. रचना एक राहिली ती वारशामुळे. हा गुण बेडूक, मगर, कोंबडी आणि डॉल्फिन या चौघांकडे आहे.

तिसरा गुण उल्ब, म्हणजे गर्भाला वेढणारी पाण्याची पिशवी. मगर आणि कोंबडी यांच्या अंड्यात ती असते, डॉल्फिनच्या गर्भाशयातही असते. बेडकाच्या अंड्यात नसते, आणि म्हणूनच बेडकाला अंडी पाण्यात किंवा ओलाव्यात घालावी लागतात. चौथा गुण चार कप्प्यांचे हृदय. बांगड्याच्या हृदयाचे मुख्य कप्पे दोन, बेडकाच्या हृदयाचे तीन, कोंबडीचे चार. कोंबडीचे काळीज घेताना हृदयही मागून घ्यावे आणि आडवे कापावे, म्हणजे खालचे दोन कप्पे व त्यांच्यामधली भिंत डोळ्यांना दिसते. मगर आणि डॉल्फिन यांच्या हृदयातही चार कप्पे असतात. पाचवा गुण उष्ण रक्त: कोंबडी आणि डॉल्फिन. सहावा गुण निमुळते अंग व पाठीवरचा उभा पर: मोरी, बांगडा आणि डॉल्फिन.

दूध आणि केस हे गुण कोणी तक्त्यात लिहिले असतील तर तूर्त बाजूला ठेवावेत. सहांपैकी ते फक्त डॉल्फिनकडे आहेत (काही डॉल्फिनांच्या पिल्लांच्या मुस्कटावर जन्मतः मोजके केस असतात), आणि जो गुण एकाच जीवाकडे आहे तो त्याचे वेगळेपण सांगतो, नाते सांगू शकत नाही.

सहाव्या गुणाबद्दल थोडे सांगायला हवे. तो तक्त्यात घालणे बारकाईने पाहणाऱ्याला खटकेल आणि खटकले पाहिजे. बांगड्याची शेपटी उभी असते व डावीउजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते व वरखाली हलते. बांगड्याच्या पाठीवरच्या परात काटे आहेत, डॉल्फिनच्या परात एकही हाड नाही. म्हणजे हा एक गुण नसून एकाच नावाखाली लिहिलेले दोन गुण आहेत. तरीही पहिल्या खेपेला तो जसा वरवर दिसतो तसाच ठेवावा. डॉल्फिन हा मासाच आहे असे म्हणणाऱ्या पक्षाला त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा पूर्ण किमतीने वापरू द्यावा, आणि मग मोजणी काय म्हणते ते पाहावे.

साम्याचे तीन प्रकार

आता तक्त्यातल्या प्रत्येक १ कडे तीन प्रश्नांनी पाहावे. काही साम्ये नव्या वारशाची असतात: गटाच्या पूर्वजात प्रथम उपजलेली आणि वंशजांत उतरलेली, जसा चौघांचा एक-दोन-अनेक हाडांचा क्रम. काही जुन्या वारशाची असतात: बांगडा आणि मोरी दोघांना कल्ले व पर आहेत, पण ते त्यांच्या, आणि आपल्याही, दूरच्या पूर्वजाकडे होतेच; ते या दोघांनी टिकवले आणि आपल्या फांदीने सोडले. काही साम्ये वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलेली असतात, जसे माणकीचा (स्क्विडचा) डोळा आणि आपला डोळा. दोहोंत भिंग आहे, पडदा आहे, पण आपल्या डोळ्यात चेतातंतू पडद्याच्या पुढून येऊन त्याला भोक पाडून बाहेर पडतात व तेथे आंधळा ठिपका राहतो; माणकीच्या डोळ्यात ते मागूनच निघतात आणि असा ठिपका नसतो. रचना मुळापासून वेगळी आहे.

हेनिगचा नियम असा की नात्याचा पुरावा म्हणून पहिल्या प्रकारचेच साम्य धरावे. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. बांगडा आणि मोरी यांना जोडणाऱ्या कल्ले-परांसारख्या ठळक गोष्टी जुन्या वारशाच्या आहेत. बांगडा आणि माणूस यांना जोडणारा अस्थींचा सांगाडा हा नवा वारसा आहे. जुने घर दोन भावांपैकी एकाने आणि एका चुलत भावाने राखले, दुसऱ्या भावाने शहरात नवे बांधले. म्हणून जुन्या घरात राहणारे दोघे सख्खे होत नाहीत.

मोजणी

परंतु कोणते साम्य कोणत्या प्रकारचे, हे आधीच कसे कळणार? बहुतेक वेळा ते आधी कळत नाही. निरनिराळी झाडे काढून, कोणत्या झाडात कमीत कमी बदल मानावे लागतात ते मोजल्यावर कळते. दोन झाडे काढावीत. पहिल्यात मुळाजवळ मोरी वेगळी होते, मग बांगडा, मग बेडूक, मग डॉल्फिन, आणि शेवटी मगर व कोंबडी जोडीने उरतात. दुसऱ्यात डॉल्फिनला उचलून बांगड्याच्या जोडीला बसवावे, बाकी रचना तशीच ठेवावी.

आता एकेक गुण घेऊन तो झाडावर किती वेळा उपजला किंवा गेला असे मानावे लागते ते मोजावे. सुंगटाकडे यांपैकी एकही गुण नाही हे धरून चालावे. पहिल्या झाडात अस्थी १, हातापायांची हाडे १, उल्ब १, चार कप्प्यांचे हृदय १, उष्ण रक्त २ (डॉल्फिनमध्ये एकदा, कोंबडीत एकदा), निमुळते अंग ३ (सुरुवातीला आले, चतुष्पादांत, म्हणजे बेडूक, डॉल्फिन, मगर व कोंबडी यांच्या पूर्वजात, गेले, डॉल्फिनमध्ये पुन्हा आले). एकूण ९ बदल. दुसऱ्या झाडात अस्थी १, हाडे २, उल्ब २, हृदय २, उष्ण रक्त २, निमुळते अंग २, एकूण ११. पहिले झाड जिंकते, परंतु दोनच बदलांनी.

येथे समाधान मानून थांबणे चूक आहे. भिंतीवरची पाल तक्त्यात घालावी. तिला अस्थी आहेत, हातापायांची तीच हाडे आहेत, उल्ब आहे, परंतु तिच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात पूर्ण भिंत नसते, म्हणून चार कप्प्यांपुढे ०. दोन्ही झाडांत तिला मगर-कोंबडीच्या जोडीलगत बसवले तर पहिल्या झाडाचा आकडा १० होतो आणि दुसऱ्याचा ११ च राहतो. ज्या चार कप्प्यांच्या हृदयाला आपण एकदाच मिळालेला वारसा समजत होतो ते डॉल्फिनच्या वंशात आणि मगर-कोंबडीच्या वंशात स्वतंत्रपणे घडले असावे, हे एका पालीने दाखवून दिले. जीव वाढवल्याने गुणाचा अर्थ बदलतो. वर्गात या टप्प्यावर कुजबुज सुरू होते, कारण अंतर एकावर आले आहे आणि मुलांना वाटते की रीतच कोसळली.

मग गाय आणावी, आणि बाजूला ठेवलेले दूध व केस आता तक्त्यात घ्यावेत. त्यांच्या जोडीला मधल्या कानातली तीन लहान हाडे. हे तीनही गुण आता गाय आणि डॉल्फिन या दोघांकडे आहेत, म्हणजे ते बोलू लागले आहेत. पहिल्या झाडात गाय डॉल्फिनशेजारी बसते. दुसऱ्यात डॉल्फिन बांगड्याकडे असल्यामुळे गाय एकटी, पाल-मगर-कोंबडीच्या गटालगत राहते. पुन्हा मोजावे. पहिले झाड १३, दुसरे १९. डॉल्फिनला मासा मानायचे तर दूध, केस, कानातली हाडे, उल्ब, हृदय हे सारे त्याने गायीपासून अलग राहून जसेच्या तसे पुन्हा घडवले असे मानावे लागते. निमुळत्या अंगाला आपण पूर्ण किंमत दिली होती, तरीही तो पक्ष हरला.

सहा जीवांसाठी, मूळ ठरलेली व प्रत्येक ठिकाणी दोनच फांद्या फुटणारी, ९४५ वेगवेगळी झाडे संभवतात. आठ जीवांसाठी १,३५,१३५, आणि दहांसाठी ३ कोटी ४४ लाखांहून अधिक. म्हणून हे काम पुढे संगणकाकडे जाते. पण दोन झाडे तरी ज्याने स्वतःच्या हाताने मोजली नाहीत त्याने संगणकाच्या झाडावर विश्वास ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

काढलेले झाड वाचावे कसे

झाड वाचताना फांद्यांच्या टोकांवरची नावे कोणत्या क्रमाने लिहिली आहेत याकडे लक्ष देऊ नये. बेचक्यापाशी फांद्या फिरवता येतात: मगर वर आणि कोंबडी खाली लिहिली काय किंवा उलट लिहिली काय, झाड तेच राहते. कोणत्याही दोन टोकांवर बोटे ठेवून मुळाकडे सरकावे. बोटे जेथे भेटतात तो त्यांचा सामायिक पूर्वज. मगर आणि पाल यांची भेट जरा खोल होते, मगर आणि कोंबडी यांची टोकांच्या अधिक जवळ, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरापाशी. म्हणजे कुंभारजुव्याची मगर भिंतीवरच्या पालीपेक्षा परसातल्या कोंबडीची जवळची आहे. 'सरपटणारे प्राणी' या शब्दातून पक्षी वगळले की तो एकवंशी गट राहत नाही, आणि 'मासे' या शब्दातून आपण स्वतःला वगळतो तेव्हा तोही राहत नाही. हे शब्द बाजारात आणि स्वयंपाकघरात खुशाल वापरावेत. नात्याबद्दल बोलताना ते जपून वापरावेत. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकाने वर्ग जसे दिले आहेत तसेच लिहावे आणि कारण मनाशी ठेवावे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. टोकावरचा प्रत्येक जीव आजचा आहे. बांगडा हा माणसाचा पूर्वज नाही, बेडूक मगरीचा नाही, आणि माकड माणसाचे नाही. ही सगळी भावंडे आहेत, कोणी सख्खी, कोणी फार दूरची. झाडाला वरची पायरी आणि खालची पायरी नसते. बांगड्याच्या वंशाने आपल्या वंशाइतकीच वर्षे उत्क्रांतीत घालवली आहेत.

पूर्वज कसे असतील याचे झरोके जीवाश्मांत सापडतात. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात मिळालेल्या आणि २००६ साली वर्णन झालेल्या टिकटालिकच्या परात एक-दोन-अनेक हाडांचा क्रम आकार घेताना दिसतो. तो खडक सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. डॉल्फिनच्या बाबतीत पुरावा आपल्याच देशात आहे. जम्मू-काश्मीरच्या राजौरी भागातल्या खडकांतून मिळालेला, मांजराएवढा, खूर असलेला इंडोह्यूस हा प्राणी २००७ साली देवमाशांच्या वंशाचा निकटचा आप्त म्हणून ओळखला गेला, तो कानाच्या एका जाड झालेल्या हाडाच्या खुणेवरून. आज हयात असलेल्या प्राण्यांत डॉल्फिन व देवमासे यांचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा ठरतो. आपल्या तक्त्यात गाय डॉल्फिनजवळ आली ती उगीच नव्हे.

हाच सराव वनस्पतींवर आणि मातीत

प्राण्यांचे झाड जमले की चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जावे आणि खारफुटीकडे पाहावे. तिवर, चिपी आणि कांदळ एकाच चिखलात उभे असतात. तिवर व चिपी यांची श्वसनमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात, कांदळाला टेकूसारखी मुळे असतात. पाहणाऱ्याला हे एकच कुटुंब वाटते. फुले आणि फळे तपासली तर तिवराचे कुल अबोली, अडुळसा आणि कोरांटी यांचे निघते, चिपीचे कुल मेंदी आणि डाळिंब यांचे, आणि कांदळाचे तिसरेच. खारफुटी हा वाडा आहे, वांगड नाही. मीठ आणि चिखल यांनी तीन वंशांना एकाच वळणावर आणले. म्हणून वनस्पतींचा तक्ता करताना पाने व मुळे यांपेक्षा फूल, फळ आणि बी यांना आधी विचारावे. मुळे व पाने जागेनुसार लवकर बदलतात.

उलट उदाहरण काजूचे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू आणि आपला आंबा यांचा हजारो कोसांचा दुरावा होता, पण दोघे एकाच कुलातले, आणि बिब्बा व आंबाडाही त्यातलेच. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलातले तेल आणि बिब्बा कातडीवर उततात ते एकमेकांच्या जवळच्या रसायनांमुळे. काजूच्या हंगामात ज्यांचे हात सोलवटतात त्यांनी हे नाते कातडीने ओळखलेले असते.

मातीत एक अवघड प्रश्न दडलेला असतो. पावसाळ्यात कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) ओल्या मातीत कधी हातभर लांबीचा, वळ्यावळ्यांचा, पाय नसलेला जीव निघतो. त्याला मराठीत देवगांडूळ म्हणतात, आणि पुष्कळदा साप समजून मारतात. त्याला पाठीचा कणा आहे, म्हणजे गांडूळ नव्हे. कातडी ओलसर, खवले नसल्यासारखी, आणि दातांची घडण बेडकाच्या गटासारखी, म्हणजे साप नव्हे. तो बेडकाचा भाऊबंद उभयचर आहे. त्याचे पाय नाहीत ते गेले म्हणून, मुळात नव्हते म्हणून नव्हे. अ‍ॅरिझोनात सापडलेल्या आणि १९९३ साली वर्णन झालेल्या जुरासिक काळातल्या त्याच्या पूर्वबंधूला लहान पाय होते. तक्त्यात ० लिहिण्यापूर्वी 'नव्हते' आणि 'गेले' यांतला फरक विचारात घ्यावा. उत्तर गोव्यातून २००७ साली वर्णन झालेल्या अशाच एका जातीच्या नावात गोवा आहे: गेगेनिओफिस गोआएन्सिस.

नावे आणि डीएनए

गोव्यात जे इसवण ते मुंबईत सुरमई, येथले सुंगट तेथली कोळंबी. म्हणून तक्त्यात स्थानिक नावापुढे दोन शब्दांचे शास्त्रीय नाव लिहावे. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. बांगड्याचे नाव रास्ट्रेलिगर कानागुर्टा, आणि त्यातला दुसरा शब्द आंध्रच्या किनाऱ्यावरच्या तेलुगू नावावरून आलेला आहे. बांगडा आणि इसवण एकाच कुलातले. दोघांच्या शेपटीजवळ पाठीवर व पोटाखाली लहान लहान सुट्या परांची रांग असते, ती पुढच्या वेळी बाजारात मुद्दाम पाहावी.

हाताने काढलेले झाड डीएनएशी ताडून पाहण्याची सोय आता घरबसल्या आहे. जेनबँक या खुल्या भांडारात पुष्कळ जीवांच्या जनुकांची अक्षरमाला मिळते. सर्व जीवांचे एकच जनुक घ्यावे, अक्षरे एकाखाली एक येतील अशी मोफत संगणकप्रणालीने लावून घ्यावीत, आणि मग झाड काढावे. बांगडा, इसवण यांसारख्या जवळच्या जातींसाठी तंतुकणिकेतल्या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा चालतो. २००३ पासून जाती ओळखण्यासाठी हाच तुकडा बारकोडसारखा वापरला जातो. मोरीपासून कोंबडीपर्यंतच्या खोल नात्यांना तो पुरत नाही, कारण इतक्या काळात त्याची अक्षरे त्याच त्या जागी पुनःपुन्हा बदललेली असतात. तेथे हळू बदलणारी, केंद्रकातली अनेक जनुके घ्यावी लागतात. एका जनुकाचे झाड आणि हाडांचे झाड जुळले नाही तर लगेच कोणा एकाला खोटे ठरवू नये. आधी आणखी जनुके आणि आणखी जीव घालावेत, जसे आपण पाल आणि गाय घातली. जेथे डोळ्यांना फरक दिसत नाही तेथे मात्र डीएनएवाचून चालत नाही. २०१८ साली गोव्यातून वर्णन झालेली बेडकाची जात, जिच्या नावात 'गोएमची' म्हणजे 'गोंयची' हा शब्द आहे, अशाच एकसारख्या दिसणाऱ्या बेडकांतून रचना व डीएनए दोन्ही पाहून वेगळी काढली गेली.

पुढच्या खेपेला सुंगटाला बाह्यगटाच्या जागेवरून उठवून मधोमध बसवावे आणि त्याच्याभोवती कुर्ली, तिसऱ्या, माणकी, झुरळ आणि गांडूळ यांचा तक्ता करावा. त्या झाडात तिसऱ्या आणि माणकी जवळ येतील. माणकीच्या अंगातली पारदर्शक पट्टी आणि तिच्या भाऊबंदाच्या पाठीतून निघणारे समुद्रफेन ही आत गेलेल्या शिंपल्याचीच रूपे आहेत. झुरळ मात्र सुंगट व कुर्ली यांच्या फांदीवरच येऊन बसेल, कारण कीटकांची फांदी कवचधारी प्राण्यांच्या आतूनच फुटली आहे. सुंगटे खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर पित्त उठते त्यांपैकी काहींना झुरळांच्या धुळीचाही त्रास होतो, कारण दोघांच्या स्नायूंतले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन फारच सारखे आहे; तक्त्यात त्यासाठी एक ओळ मोकळी ठेवावी.